टेक्सासहून न्यू जर्सीला बंदुकीसकट शिफ्ट होताय? ट्रंकला कुलूप लावायच्या आधीच्या गोष्टी

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. फ्रिस्कोमध्ये बरीच वर्षं राहिलेलं कुटुंब, नवरा-बायको दोघांचं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलंय, दहा वर्षांचा मुलगा, ऑगस्टमध्ये एडिसनला शिफ्ट होतायत. घरात एक ग्लॉक १९ पिस्तूल, एक एआर-१५ रायफल आणि २०१९ साली घेतलेली मॉसबर्ग ५०० शॉटगन. टेक्सासचं कॅरी लायसन्स, म्हणजे बंदूक अंगावर बाळगायचं लायसन्स, आहे. गाडीने येणार, वाटेत मेरीलँडला मामेबहिणीकडे दोन दिवस थांबणार. आणि प्रश्न असा की "सगळं रीतसर घेतलेलं आहे, प्रवासात फेडरल कायदा संरक्षण देतो असं वाचलंय, मग अनलोड करून गाडीच्या ट्रंकमध्ये (डिकीत) लॉक केलं की झालं ना?"

नाही झालं. आणि राग मानू नका, पण हाच प्रश्न मला दर उन्हाळ्यात दोन-तीन जण तरी विचारतात आणि सगळ्यांचा भर प्रवासावरच असतो, कुठल्या पेटीत ठेवू, कुठलं कुलूप घेऊ, पोलिसाने थांबवलं तर काय बोलू वगैरे. प्रवास हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो. खरी गोची ही आहे की डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की तुमच्या ट्रंकमधली वस्तू तीच राहते पण कायद्याच्या डोळ्यात तिचं नाव बदलतं. अलीकडे ती साधी रायफल असते, पलीकडे तीच 'असॉल्ट फायरआर्म' होते. अलीकडे पंधरा गोळ्यांचं मॅगझिन दुकानात शेल्फवर लटकलेलं असतं, पलीकडे ते बाळगणं हाच गुन्हा. त्यामुळे नेऊ कसं हे नंतर, मुळात काय न्यायचंच नाही हे फ्रिस्कोत बसून ठरवायचं आहे, आणि तेही ट्रक भरायच्या आदल्या रात्री नाही.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. मी २०१४ साली जॉर्जियाहून न्यू जर्सीला आले, नंतर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात राहायला गेले, आणि गेली अकरा वर्षं पिस्तूल आणि होम सेफ्टीचे क्लास घेते, विद्यार्थी दोन्ही राज्यांतले असतात. बंदूक पहिल्यांदा हातात आली ती कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला, पॉइंट टू टू रायफल, पाच गोळ्या, त्यातल्या दोन टार्गेटवर. मी वकील नाही. खाली जे लिहितेय ते माझ्या कामातून आलेलं आहे, पण तुमच्या केसमध्ये एका तासाची फी देऊन न्यू जर्सीच्या फायरआर्म वकिलाशी बोलाच, का ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी बंदुकीचं नाही, तुमच्या स्टेटसचं बोलू. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक घ्यायला, ठेवायला फेडरल कायद्याची आडकाठी नाही. एच-वन, एच-फोर, एल-वन, स्टुडंट व्हिसा वगैरे नॉन-इमिग्रंट लोकांना मात्र सरसकट मनाई आहे, बंदूक सोडा, एक गोळी खिशात असली तरी, आणि त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या लोकांच्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. टेक्सासमधले आपले बरेच लोक हेच करतात, शिकारीला कधी जात नाहीत पण लायसन्स काढतात. आता तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला खटकली. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आणि शॉटगन २०१९ची. म्हणजे ती तुम्ही एच-वनवर असताना हंटिंग लायसन्स दाखवून घेतली असणार, त्यात चूक काही नाही. पण टेक्सासचं हंटिंग लायसन्स दर वर्षी ३१ ऑगस्टला संपतं, आणि दरवर्षी वेळेवर नवीन काढलं होतं का हे तुम्हालाच माहीत. मधे एखादं वर्ष राहिलं असेल तर त्या काळात शॉटगन घरात असणं बेकायदा होतं. इथे उत्तर लिहू नका, मलाही मेसेज करून सांगू नका. इमिग्रेशन वकिलाला सांगा, आणि सिटिझनशिपचा फॉर्म भरायच्या आधी सांगा.

हे एवढं का ताणतेय तर सिटिझन माणसाला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर तो शिक्षा भोगून बाहेर येतो, घरी जातो. ग्रीन कार्डवाल्याचं तसं नाही, इमिग्रेशन कायद्यात फायरआर्मच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे डिपोर्टेशनचं स्वतंत्र कारण आहे. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये उभा असलेला गोरा माणूस सांगेल की "मी तर दहा वर्षं असाच नेतोय, कोणी विचारत नाही." त्याचं बरोबरच आहे, त्याला परत पाठवायला दुसरा देशच नाही.

आता न्यू जर्सी. एक उदाहरण सांगते कारण ते हुबेहूब शिफ्टिंगचंच आहे. २००९ साली कोलोरॅडोहून न्यू जर्सीला आलेला एक तरुण, बंदुका कोलोरॅडोत कायदेशीर घेतलेल्या, सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवणं चालू होतं. आईने काळजीपोटी पोलिसांना फोन लावला, पोलिसांना गाडीच्या ट्रंकमध्ये बंदुका सापडल्या, त्यासुद्धा अनलोडेड आणि सामानात नीट पॅक केलेल्या. न्यू जर्सीच्या कायद्यात एका घरातून दुसऱ्या घरात शिफ्ट होताना बंदूक नेण्याला स्पष्ट सवलत आहे, पण ज्यूरीने विचारूनही जजने ती सवलत त्यांच्यापुढे ठेवली नाही. सात वर्षं शिक्षा झाली. २०१०च्या डिसेंबरात गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी शिक्षा कमी केली म्हणून सुटला. दुसरी केस फिलाडेल्फियाच्या एका आईची, २०१३ची. पेनसिल्व्हेनियाचं कॅरी परमिट होतं, ते इकडे चालेल असं समजून पूल ओलांडला, ट्रॅफिक स्टॉपला स्वतःहून प्रामाणिकपणे पोलिसाला सांगितलं की पर्समध्ये बंदूक आहे. तिच्यासमोर किमान साडेतीन वर्षं तुरुंग उभा राहिला, कारण परमिटशिवाय हँडगन हा इथे सेकंड डिग्री गुन्हा आहे आणि ४२ महिने पॅरोलशिवाय काढावे लागू शकतात. तिलाही शेवटी ख्रिस्तींनी २०१५ साली माफी दिली. दोघंही सुटले, पण गव्हर्नरच्या सहीने. आपण शिफ्टिंगचा प्लॅन गव्हर्नरच्या सहीवर नाही करू शकत.

यातून पहिली गोष्ट, तुमचं टेक्सासचं एलटीसी (कॅरी लायसन्स) न्यू जर्सीत चालत नाही. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं कॅरी परमिट मानत नाही. २०२२ला सुप्रीम कोर्टाचा ब्रूएनचा निकाल लागल्यापासून सामान्य माणसाला इथे कॅरी परमिट मिळू लागलंय हे खरं, पण ते वेगळं काढावं लागतं, ट्रेनिंग आणि शूटिंगची परीक्षा द्यावी लागते, फी दोनशे डॉलर आहे आणि कुठे नेता येत नाही त्या जागांची यादी भलीमोठी आहे. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका. टेक्सासमध्ये ट्रकच्या कन्सोलमध्ये पिस्तूल टाकून कॉस्टकोला जायची सवय असते ना, ती सवय सगळ्यात आधी तिकडेच सोडून या, बाकी सामान नंतर.

फेडरल कायद्याचं तुम्ही जे वाचलंय ते अर्धं बरोबर आहे. १९८६चा फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट, लोक त्याला 'फोपा' म्हणतात. तो म्हणतो की जिथून निघालात तिथे तुम्हाला ती बंदूक बाळगायचा आणि नेण्याचा हक्क असेल आणि जिथे पोचणार तिथेही असेल, तर मधल्या राज्यांचा कायदा काही का असेना, अनलोड करून, हाताशी येणार नाही अशी ठेवून तुम्ही जाऊ शकता. लोक हे वाचताना 'मधल्या राज्यांचा' एवढंच वाचतात. दोन्ही टोकं कायदेशीर असली तरच मधला पूल आहे! तुमची एआर जर एडिसनमध्ये बेकायदा असेल तर फोपाने फ्रिस्कोपासूनच तुमचा हात सोडला. आणि त्यात संरक्षण आहे ते बंदुकीला, पंधरा नि तीस गोळ्यांच्या सुट्या मॅगझिनच्या भरवशावर त्यात शिरू नका.

आणि प्रवास म्हणजे सलग प्रवास. पेट्रोल, जेवण, बाथरूम, हे ठीक. मामेबहिणीकडे दोन दिवस राहून, पुरणपोळ्या खाऊन, तिसऱ्या दिवशी निघणं म्हणजे तुम्ही मेरीलँडला आलात, मेरीलँडमधून गेलात असं नाही होत. याच्यावर एक केस आहे जी मी प्रत्येक क्लासमध्ये सांगते. २००५ साली युटाचा एक माणूस विमानाने पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला चालला होता, बॅगेत रीतसर डिक्लेअर केलेलं पिस्तूल. नेवार्कला त्याचं पुढचं विमान चुकलं, बॅग त्याच्या हातात मिळाली, रात्र त्याने तिथल्या हॉटेलात काढली. सकाळी एअरपोर्टवर परत डिक्लेअर केलं आणि अटक झाली, चार दिवस जेल. आरोप पुढे काढून टाकले, पण त्याने उलट दावा लावला तोही २०१० साली हरला, कारण कोर्ट म्हणालं की हॉटेलात बॅग तुझ्या हाताशी होती त्यामुळे फोपा लागू नाही. चूक एअरलाइनची, रात्र जेलची. म्हणून बंदूक बॅगेत असताना नेवार्कला कनेक्शन घेऊन पुढे जाणं मी कोणालाही करू देत नाही.

बरं, आता तुमच्या वस्तूंकडे येते, ज्यासाठी तुम्ही खरं विचारलंत. जेवणाच्या टेबलावर सगळं काढा, खरंच काढा, बंदुका, मॅगझिनं, गोळ्या, ॲक्सेसरीज, मुलाची खेळणी पण, आणि तीन ढीग करा. जाणारं, विकायचं, टेक्सासमध्येच ठेवायचं.

मॉसबर्ग सोपी आहे. पंप ॲक्शन आहे, म्हणजे दर वेळी हाताने मागे-पुढे ओढावी लागते, न्यू जर्सीच्या बंदीची शॉटगनची जी कलमं आहेत ती सेमी-ऑटोमॅटिकवर (पुढची गोळी आपोआप चढते अशांवर) आहेत किंवा फिरत्या सिलिंडरवाल्यांवर. बॅरल फॅक्टरीचीच असेल तर जाणाऱ्या ढिगात टाका.

ग्लॉक १९ पण जाते, बंदूक म्हणून तिला प्रॉब्लेम नाही, पण बरोबर आलेली पंधरावाली मॅगझिनं जात नाहीत. न्यू जर्सीत २०१८च्या डिसेंबरपासून मर्यादा दहाची आहे, त्यावरचं नुसतं एक रिकामं मॅगझिन जवळ असणं म्हणजे अठरा महिन्यांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. बंदूक नाही, गोळी नाही, नुसता डबा! दहा गोळ्यांची फॅक्टरी मॅगझिनं मिळतात, निघायच्या आधी तिकडेच दोन-तीन घ्या आणि पंधरावाली तिकडेच कोणाला तरी देऊन टाका. काहीजण म्हणतात आत ठोकळा बसवून दहाची करून घेऊ. करता येतं, पण ते परत काढता येणार नाही असं पक्कं असावं लागतं, आणि पक्कं किती पक्कं हे ठरवणारा माणूस रस्त्यावर उभा असलेला पोलीस असतो. वीस-तीस डॉलरच्या प्लास्टिकसाठी कशाला.

एआर-१५. इथे जरा थांबते कारण इथेच सगळे अडकतात. न्यू जर्सीची बंदी १९९०ची आहे आणि ती दोन प्रकारे चालते. एक, नावांची यादी, त्यात कोल्ट कंपनीची एआर-१५ नावानिशी आहे, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली एम-वन कार्बाइनसुद्धा आहे, म्हणजे कोणाच्या आजेसासऱ्यांनी ठेवलेली आठवण असेल तर तीपण. दोन, यादीत नाव नसलं तरी त्या बंदुकांशी 'जवळजवळ सारखी' असली तरी बंदी, आणि 'जवळजवळ सारखी' म्हणजे काय हे फीचर्सवर ठरतं. मॅगझिन सुटं होणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल असेल तर पिस्तूल ग्रिप, घडीचा किंवा सरकणारा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता), फ्लॅश सप्रेसर (नळीच्या टोकाचा, गोळी सुटतानाची चमक कमी करणारा भाग) किंवा तो लावायला आटे पाडलेली बॅरल, बायोनेट (संगीन) लावायची जागा, यातली एकच चालते, दोन झाल्या की संपलं. टेक्सासच्या दुकानातून घेतलेल्या नेहमीच्या एआरमध्ये यातल्या निदान तीन असतातच. म्हणून न्यू जर्सीत ज्या एआर विकतात त्यांचा स्टॉक पक्का बसवलेला असतो आणि पुढे फ्लॅश सप्रेसरच्या जागी मझल ब्रेक (झटका कमी करणारा भाग) पिन मारून वेल्ड केलेला असतो, एकटी पिस्तूल ग्रिप तेवढी शिल्लक.

म्हणजे तुमची रायफल तिकडच्या गनस्मिथकडून बदलून आणता येईल का? कोल्ट नसेल तर येईल. मी सांगेन का? नाही. टेक्सासच्या गनस्मिथला न्यू जर्सीचा नियम पाठ असण्याचं कारण नाही, एक गोष्ट सुटली तर तो सेकंड डिग्री गुन्हा आहे आणि त्यात तुमचं ग्रीन कार्ड पणाला. टेक्सासमध्ये ती विका, चांगली किंमत येईल, आणि इकडचं फायरआर्म्स आयडी कार्ड मिळाल्यावर इकडच्या दुकानातून नियमात बसणारी घ्या. यावर कोर्टात खटले चालू आहेत, उद्या बंदी उठेल असं सांगणारे खूप भेटतील. उठली की त्या दिवशी घ्या ना, कोण नको म्हणतंय.

विकवत नसेल, पहिली रायफल आहे, जीव अडकलाय, मला समजतं. मग टेक्सासमध्येच कोणाकडे तरी राहू दे. पण एक बारीक गोष्ट. दोघंही टेक्सासचे रहिवासी असेपर्यंत तुम्ही ती भावाला किंवा मित्राला थेट देऊ शकता, समोरच्याला बंदूक ठेवायची मनाई नाही ना एवढं बघायचं, म्हणजे तो मित्र एच-वनवर नको. एकदा तुम्ही न्यू जर्सीचे झालात की तीच देवघेव दोन राज्यांतली होते आणि लायसन्सवाल्या डीलरमार्फतच करावी लागते. म्हणून द्यायची तर निघायच्या आधी द्या, साध्या कागदावर तारीख, सिरियल नंबर, दोघांच्या सह्या. परत घ्यायची वेळ आली तर तेव्हा डीलरमार्फत.

गोळ्या. सगळ्या तिकडेच संपवा. शेवटचा शनिवार रेंजवर घालवा, उरल्या तर मित्राला द्या. ट्रकवाले गोळ्या घेत नाहीतच, आणि न्यू जर्सीत हॉलो पॉइंटचा (टोकाला पोकळ असलेल्या गोळ्यांचा) वेगळा नियम आहे, त्या घरात ठेवता येतात, दुकानातून घरी आणता येतात, रेंजवर नेता येतात, पण जे नेमके प्रसंग कायद्यात लिहिलेत तेवढेच. टेक्सासच्या घरातून शिफ्टिंगमध्ये आणणं त्यात बसतं का याच्यावर वकिलाला दोन तासांचे पैसे देण्यापेक्षा नव्या घरी नवीन डबा घ्या, फक्त हँडगनच्या गोळ्या घ्यायलाही तिथे कार्ड दाखवावं लागतं हे लक्षात ठेवा.

आणि तुम्ही न विचारलेली गोष्ट. गॅरेजमध्ये मुलाची बीबी गन आहे का? टेक्सासमध्ये दहा वर्षांचा मुलगा म्हणजे असतेच. न्यू जर्सीच्या व्याख्येत स्प्रिंग किंवा हवेच्या जोरावर छर्रा मारणारी, इजा करू शकणारी गन ही फायरआर्मच आहे. बीबी पिस्तूल घ्यायला हँडगनचं परमिट लागतं तिथे. हे मला कसं माहीत तर, २०१४ला मी सगळं नीट केलं होतं, याद्या, फोटो, वकिलाचा फोन, आणि पॅकिंग मात्र मूव्हरच्या पोरांवर सोडलं. एडिसनपासून वीस मैलांवर भाड्याच्या घरात तीन आठवड्यांनी कुकर आणि मसाल्याच्या डब्यांचं खोकं उघडलं तर वर लेकाचं बीबी पिस्तूल आणि त्याखाली हॉलो पॉइंटचा वीस गोळ्यांचा डबा, जो मी वर्षभर शोधत होते. ट्रक सात राज्यांतून आला होता. स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते मी दहा मिनिटं. तेव्हापासून माझा नियम, गॅरेज, क्लोझेटचा वरचा कप्पा, नाइटस्टँड, रेंज बॅग आणि मुलाची खोली स्वतः पॅक करायची, मूव्हरला त्या दारातून आत सोडायचं नाही. जुन्या जॅकेटांचे खिसेपण तपासा, सुटी गोळी हमखास निघते.

आता नेणं. डॅलसवरून आय-३०ने लिटल रॉक, मग आय-४०ने टेनेसी, तिथून आय-८१ धरा आणि शेवटी पेनसिल्व्हेनियातून आय-७८ने न्यू जर्सीत. जीपीएस वॉशिंग्टन-बॉल्टिमोरवरून नेईल, ऐकू नका. आय-८१वर मेरीलँड जेमतेम बारा मैल लागतं, हेगर्सटाउनपाशी, पंधरा मिनिटांत पार. मुक्काम टेनेसी आणि व्हर्जिनियात करा, मामेबहिणीला दिवाळीला भेटा. रात्री पेट्या गाडीत सोडू नका, हॉटेलच्या पार्किंगमधून चोरी होणं ही सगळ्यात सामान्य गोष्ट आहे, साध्या सुटकेसमध्ये टाकून खोलीत न्या.

सेडान असेल तर ट्रंक. एसयूव्ही असेल तर ट्रंक वेगळी नसते म्हणून कुलूपबंद पेटी लागते, ग्लोव्ह बॉक्स आणि कन्सोलला कायद्याने स्पष्ट नाही म्हटलंय. मी सेडानमध्येही पेटीला कुलूप लावते आणि ती सगळ्या बॅगांच्या खाली ठेवते. मॅगझिनं वेगळ्या बॅगेत, रिकामी. एका फोल्डरमध्ये एडिसनच्या घराचा करार, ट्रकची पावती, बंदुकांच्या खरेदीच्या पावत्या, सिरियल नंबरचे फोटो, हा फोल्डर मात्र वर, हाताशी. पूल ओलांडल्यावर थेट घरी. इस्कॉनला नाही, ओक ट्री रोडवर चहाला नाही, घरी. न्यू जर्सीच्या सवलतीत वाट वाकडी करायची मुभा फक्त गरजेपुरती आहे. हँडगन पोस्टाने किंवा कुरियरने स्वतःलाच पाठवायची कल्पना सोडून द्या.

पोचल्यावरचं. २०२२च्या जुलैत कायदा बदलला (माझ्या वेळी हे नव्हतं), आता न्यू जर्सीत राहायला येताना बंदूक आणणाऱ्याने साठ दिवसांच्या आत फायरआर्म्स आयडी कार्डासाठी अर्ज करायचा आणि बाहेरून आणलेली हँडगन रजिस्टर करायची. अर्ज ऑनलाइन होतो, पण तो तपासतं तुमच्या गावचं पोलीस डिपार्टमेंट. बोटांचे ठसे, नातेवाईक नसलेले दोन रेफरन्स, ट्रेनिंगचा पुरावा, पन्नास डॉलर फी. ऑफिसमधल्या कलीगला रेफरन्स द्यायच्या आधी विचारा, काहींना हे आवडत नाही आणि ईमेल आली की गडबडतात. साठ दिवस कधीपासून मोजायचे? तुम्ही तिथे घर करायच्या इराद्याने राहायला लागलात तेव्हापासून. कंपनीच्या अपार्टमेंटमध्ये तुम्ही एकटे आणि कुटुंब फ्रिस्कोत असेल तर वाद घालता येतो, पण वाद घालायची वेळच का आणा, पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका.

आणि खरं सांगू? टेक्सासमध्ये विश्वासाचा माणूस असेल, ग्रीन कार्डवाला किंवा सिटिझन, तर मी ऑगस्टमध्ये काहीच आणणार नाही. ग्लॉक आणि मॉसबर्ग त्याच्या सेफमध्ये. माणसं आधी, शाळा सुरू होऊ दे, कार्ड हातात येऊ दे, मग ट्रेनिंगवाल्याला आणि डीलरला विचारून शांतपणे आणायच्या की इकडेच नवीन घ्यायच्या ते ठरवायचं. दोन-तीन महिने बंदुकीशिवाय एडिसनमध्ये काही होत नाही. हे सांगितलं की काही दादा लोक नाराज होतात, होऊ देत.

दोन गोष्टी घाईत. न्यू जर्सीत गांजा राज्याने कायदेशीर केलाय, फेडरलने नाही, म्हणजे दुकानातून घेतलेल्या गांजाच्या गमीज आणि बंदूक एका घरात, एका माणसाच्या नावावर, जमत नाही. आणि आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येतील तेव्हा बाबांना, ते पोलीस खात्यातून किंवा मिलिटरीतून रिटायर झालेले असले तरी, रेंजवर हातात बंदूक देऊ नका, तीच मनाई त्यांनाही लागू आहे. सेफची किल्ली आणि नंबर त्यांच्यापासून आणि मुलापासूनही दूर. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लोडेड बंदूक लागू शकेल अशी ठेवली तर न्यू जर्सीत आईबापावर केस होते. खंडेनवमीला पूजेसाठी सेफमधून काढून पाटावर ठेवत असाल (मी ठेवते), तर अनलोड करून, आणि आरती झाली की परत आत.

इतर राज्यांत जाणाऱ्यांसाठी, कॅलिफोर्नियात नवीन रहिवाशाने साठ दिवसांत राज्याला रिपोर्ट करायचा असतो आणि असॉल्ट वेपनच्या व्याख्येत बसणारी रायफल तर आणायचीच नाही. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र. मेरीलँडमध्ये हँडगन नव्वद दिवसांत रजिस्टर. न्यूयॉर्कमध्ये हँडगन आधी लायसन्सवर चढल्याशिवाय नेऊच नका, तिथे 'आता आलोय, करतो' हे चालत नाही. सायलेन्सर न्यू जर्सीत सरळ बेकायदा आहे. शॉर्ट बॅरल रायफल असेल तर राज्य ओलांडायच्या आधी एटीएफची (बंदुकांचं काम बघणाऱ्या फेडरल खात्याची) मंजुरी लागते, फॉर्म भरून, मंजुरी हातात आल्यावरच हलवायची.

तुम्ही आता मला दोन गोष्टी सांगा. एआर कुठल्या कंपनीची आहे, आणि फ्रिस्कोत सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला जवळचा कोण आहे. त्यावर विकायचं की ठेवायचं ते नक्की होईल. आणि गॅरेजमध्ये एकदा जाऊन बघा, बीबी गन असणार.